शून्य रुपयांचं तिकीट

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीच्या गाडीत आम्ही चौघं चढलो, तेव्हा एसटीच्या हिशेबाने आम्ही दीड माणूस होतो. माझे थोरले साडू अण्णा शहात्तर वर्षांचे, म्हणजे फुकट. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याकडे एसटी पैसे मागत नाही. त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या हिच्या ताई, बाई म्हणून अर्ध्या. आमची हीसुद्धा बाई म्हणून अर्धी. मी बाई नाही, पण पासष्टी उलटलेली असल्यामुळे अर्धा. कंडक्टरने यंत्र कुरकुरवून चार तिकिटं काढली. त्यातलं एक शून्य रुपयांचं. अण्णांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घातली, खिशातल्या डायरीत जपून ठेवलं. मग खिडकीची काच सरकवली, पाठ टेकली आणि म्हणाले,

“ही फुकटेगिरी देशाला बुडवणार बघा.”

गाडी अजून स्टँडच्या बाहेरही पडली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एवढी चांगली माणसं एसटीने का निघाली? घरी गाड्या नाहीत का? आहेत की. माझी आहे, अण्णांची तर माझ्याहून मोठी आहे. पण ती बंगल्यापुढे खाकी कव्हर घालून उभी असते आणि दर रविवारी अण्णा तिचं कव्हर काढून, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून, पुन्हा कव्हर घालतात. गाडी काढायची म्हणजे पेट्रोल आलं, तासवड्याचा टोल आला, आणि टोल आला की सगळ्या धोरणाची आठवण येऊन अण्णांचा रक्तदाब येतो. त्यापेक्षा एसटी बरी. देशाची चिंता करायला हात मोकळे राहतात.

आम्ही सांगलीला निघालो होतो धाकट्या साडूंच्या वास्तुशांतीला. तीन बहिणींचे आम्ही तीन नवरे. थोरले पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता, मधला मी बँकेतला, आणि धाकटे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. त्यांना घरात सगळे शेठ म्हणतात. सरकार, बँक आणि बाजार अशी तिन्ही खाती एकाच सासऱ्याने जावई म्हणून गोळा केली होती. तिघांचंही बरं चाललं आहे. आणि गेल्या चाळीस वर्षांत तिघांपैकी एकही जण कुठल्याही सरकारवर एक दिवससुद्धा खूश झालेला मी पाहिलेला नाही.

दोन गावांच्या नाराजीत फरक मात्र आहे. सातारा हे पेन्शनरांचं गाव. इथला असंतोष जानेवारी आणि जुलैला महागाई भत्त्याबरोबर जागा होतो आणि मुदत ठेवीच्या व्याजाबरोबर वरखाली होतो. रिझर्व्ह बँक मुंबईत दर ठरवते. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, चार भिंतींपाशी, तो रद्द करतो. सांगली व्यापाऱ्यांची. तिथली नाराजी सकाळी सौद्याबरोबर निघते, तिला रोजचा भाव असतो, आणि संध्याकाळी भडंगाबरोबर ती संपते. साताऱ्याची संपत नाही. ती आम्ही पुढच्या महिन्याला जमा धरतो.

अण्णांच्या नाराजीचं मूळ मात्र महागाई भत्त्याच्या फार आधीचं आहे. कूळकायदा! १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा तो कृषकदिन, ज्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. सरकारने तारीखही काय निवडली बघा, असं अण्णांचे वडील म्हणायचे आणि आता अण्णा म्हणतात. त्यांच्या घराण्याची कोरेगाव तालुक्यातली जमीन त्यात गेली. १९८६ साली माझं लग्न ठरलं तेव्हा ती अठरा एकर गेली होती. खुल्या अर्थव्यवस्थेनंतर ती पंचवीस झाली. पुढे रस्ते रुंद झाले, जमिनींचे भाव कडाडले, तशी ती चाळिसावर गेली. गेल्या गणपतीत मी ऐकलं तेव्हा साठ एकर, दोन विहिरी आणि एक आमराई होती. हातात राहिलेली जमीन वाटण्यांनी कमी होत जाते, पण गेलेली जमीन वाढत जाते, हा साताऱ्याच्या वाड्यांमधला अनुभव आहे. माझ्या घराण्याचं ह्या कायद्यात काहीच गेलं नाही, कारण नव्हतंच. लग्नाच्या बोलाचालीत ही माझी मोठी उणीव धरली गेली होती.

नागठाणं मागे पडलं. उंब्रजला गाडी थांबली आणि पंधरा-वीस बायका एकदम आत आल्या. पिशव्या, बोचकी, एकीच्या हातात कोंबडी. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “मार्च २०२३ पासून हे असं. अर्ध्या तिकिटाची सवय लावून ठेवली. काम ना धाम, उगाच हिंडायचं.” ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ताई स्वतः त्या सवलतीवर गेल्या वर्षी दोनदा पंढरपूर, एकदा तुळजापूर आणि माहेरी मोजता येणार नाही इतक्या वेळा जाऊन आल्या आहेत. पण अण्णांच्या अर्थशास्त्रात घरची माणसं धरत नाहीत.

तिथून गाडी लाडक्या बहिणीवर आली. येणारच. जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार रुपये, एकवीस ते पासष्ट वयाच्या बाईला, घरात चारचाकी नको. ट्रॅक्टर असला तर चालतो. ह्या ट्रॅक्टरवर चार भिंतींपाशी आमच्या तीन सकाळी गेल्या होत्या. अण्णांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना ते अकरा वर्षं बाराशे रुपये देत होते. सरकारने दीड हजार दिले आणि त्या महिन्यातच बाई म्हणाल्या, काका, आता तुम्हीपण जरा बघा. सरकार काही काम न सांगता दीड हजार देतं आणि अण्णा सकाळ-संध्याकाळ भांडी घासून घेऊन बाराशे देतात, हे आकडे शेजारी शेजारी आले तेव्हा कुणाला तरी लाज वाटायला हवी होती. अण्णांनी ती सरकारवर सोपवली.

मी हे सगळं हसत सांगतोय, पण माझंही खातं काही स्वच्छ नाही. बँकेत मी चौतीस वर्षं काढली. २००८ साली शेतकऱ्यांची कर्जमाफी आली तेव्हा शाखेत बसून माफीच्या याद्या मीच केल्या, आणि प्रत्येक नावापुढे खूण करताना दातओठ खाल्ले. हे प्रामाणिकपणे फेडणाऱ्याचं मरण, असं मी दुपारच्या डब्यावर रोज म्हणत असे. त्या वेळी माझ्या घराचं कर्ज चालू होतं. कर्मचाऱ्यांसाठीचं. दर सवलतीचा आणि व्याज सरळ, चक्रवाढ नव्हे. बाहेरच्या माणसाला तसं कर्ज कुठल्या खिडकीवर मिळालं नसतं. पण त्याला आम्ही सवलत म्हणत नव्हतो, सेवाशर्त म्हणत होतो. शब्द बरोबर निवडला की रेवडीला तीळ दिसत नाहीत.

त्यातून माझ्यावर एक मोठं संकट येऊन गेलं आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर उरला नाही. पेन्शन आणि ठेवींचं व्याज धरूनही मी त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे. म्हणजे कर शून्य. पहिले दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी चार भिंतींपाशी मी सवयीने सुरुवात केली, “आमच्या टॅक्सच्या पैशातून...” आणि एक निवृत्त मास्तर म्हणाले, “कुठल्या टॅक्सच्या?” चाळीस वर्षं ज्या वाक्यावर माझी सगळी सामाजिक प्रतिष्ठा उभी होती, ते एका अर्थमंत्र्यांनी भर संसदेत काढून घेतलं. आता मी जीएसटीवर भागवतो. पण त्यात ती मजा नाही. जीएसटी धुणंभांडीवाल्या बाईही भरतात.

मात्र एका कराबद्दल अण्णांचं आणि माझं पूर्वीपासून एकमत. व्यवसाय कर. पगाराच्या पावतीवर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली आणला तोच मुळी रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचं आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, इतका सरळ व्यवहार. ह्या योजनेचे जनक म्हणजे वि. स. पागे, आपल्याच सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे अनेक वर्षं सभापती होते. साठीच्या दशकाअखेर तासगावकडे प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने तो राज्यभर नेला, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागेल त्याला काम, हे दिल्लीला २००५ साली सुचलं. म्हणजे शहरी माणसाची जी कुरकुर आज देशभर चालते, तिची पहिली रीतसर पावतीसुद्धा आपल्याच भागाने फाडली. ह्याचा अभिमान सातारा-सांगलीत कोणी बाळगताना दिसत नाही.

ह्या कराची आणखी एक गंमत आहे. राज्यघटनेत त्याला मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा अडीच हजारांवर नेली १९८८ साली. त्यानंतर वेतन आयोग आले, चहा पन्नास पैशांवरून दहा रुपयांवर गेला, अण्णांची गेलेली जमीन तिपटीहून जास्त झाली, पण व्यवसाय कराची ती मर्यादा आहे तिथेच आहे. आयुष्यात न वाढलेली हीच एक गोष्ट, आणि निरोप समारंभाच्या भाषणात अण्णांनी नेमकी तिचीच तक्रार केली होती. “पस्तीस वर्षं माझ्या पगारातून लोकांनी मुरूम टाकला,” असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आता कऱ्हाडच्या अलीकडे गाडी रेंगाळली होती म्हणून मी सहज विचारलं, “अण्णा, तुमची पहिली नेमणूक कुठली हो?”

“खटाव. बहात्तरचा दुष्काळ. वालचंदमधून बाहेर पडलो आणि पंधरवड्यात ऑर्डर. त्या वर्षी पोरं टेबलावरून उचलली खात्याने. पाझर तलाव, नालाबांध, खडी. तीन-तीन हजार माणूस एका कामावर. सुकडी वाटायचे दुपारी.” अण्णांचा आवाज बदलला होता. “बायका लेकरं झोळीत टाकून खडी फोडायच्या. मी मोजमाप घ्यायचो, हजेरीपट तपासायचो.”

म्हणजे दुष्काळ पडला नसता तर अण्णा त्या वर्षी घरी बसले असते. खडी फोडणारीला त्या योजनेने रोज दिला आणि खडी मोजणाऱ्याला पेन्शन. दोघांच्या नावाचा हजेरीपट सरकारी कागदावरच होता, फक्त एकाचा वर्ग तीन होता. मी हे बोललो नाही. थोरले साडू आहेत, आणि बोलताना ते तलावाच्या आठवणीत इतके रमले होते की पाच मिनिटं त्यांना देश बुडायची आठवण राहिली नाही.

ही कुरकुर आपल्याकडेच आहे असं नाही. निवृत्तीनंतर मी बँकेतल्या मंडळींबरोबर बँकॉकला गेलो होतो. तिथे २००१ साली निवडून आलेल्या थाक्सिन शिनावात यांनी तीस बाहतमध्ये दवाखाना अशी योजना काढली. खेडी त्यांच्यावर फिदा आणि बँकॉकचे सुशिक्षित लोक खवळलेले. पुढे त्यांच्या बहिणीने पंतप्रधान होऊन तांदूळ चढ्या भावाने खरेदी केला, तेव्हा २०१३-१४ मध्ये ही चांगली शिकलीसवरलेली माणसं महिनोन् महिने रस्त्यावर बसली, आणि शेवटी लष्कर आलं. साताऱ्यात ती भीती नाही. आम्ही रस्त्यावर बसू शकत नाही. बसलो तर गुडघ्यांमुळे उठता येत नाही.

पेठ नाक्याला गाडी वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालू लागली की आमच्यातला करदाता जातो आणि ग्राहक येतो. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने टनाला ३,५५० रुपये एफआरपी धरली, सव्वादहा टक्के उताऱ्याला. “एवढा भाव कशाला?” अण्णा म्हणाले, “साखर महागते मग.” अण्णांना मधुमेह, मला मधुमेह, ताईंना मधुमेह. आमच्या हिला नाही, पण ती आमच्यासाठी म्हणून बिनसाखरेचा चहा पिते. चौघांत मिळून महिन्याला अर्धा किलो साखर लागत नाही. तरी साखरेच्या भावाची जी काळजी आम्ही घेतो ती खाणाऱ्यांनाही जमत नाही. आणि अण्णांच्या उरलेल्या सहा एकरांत काय आहे? ऊसच. त्या दोन्ही गोष्टी अण्णांच्या डायरीत वेगवेगळ्या पानांवर असतात. उसाचं पान प्राप्तिकराच्या कक्षेबाहेर, कारण शेती उत्पन्नाला कर नाही. ही तरतूद मात्र अण्णांना कायद्यातली एकमेव शहाणपणाची वाटते.

विश्रामबागेत शेठांचं नवं घर म्हणजे काय सांगावं. तीन मजली, लिफ्टसकट. शेठ दारात उभे. “या या, थोरलं साडू! गाडी न्हाई आणली? बरं केलं. ह्या सरकारच्या राज्यात गाडी काढायची सोय ऱ्हायलीया का?” जेवणं झाली आणि आम्ही तिघं गच्चीवर खुर्च्या टाकून बसलो.

शेठांची व्यथा ऐकण्यासारखी असते, कारण ती बदलत जाते. जकात होती तेव्हा नाक्यावर ट्रक अडकतो म्हणून धंदा बुडत होता. जकात हटाव म्हणून त्यांनी दुकान बंद ठेवलं. २०१३ च्या सुमाराला जकात हटली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. तेव्हा एलबीटी हटाव म्हणून त्यांनी अधिक दिवस दुकान बंद ठेवलं, आणि जकात काय वाईट होती, एकदा नाक्यावर भरली की मोकळे, असं म्हणू लागले. २०१५ ला एलबीटी बहुतेकांचा गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि शेठ एलबीटीची आठवण माहेरासारखी काढू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर उतरले. मला वाटलं, आता तरी. पण त्यांच्या थोरल्याचं टीव्ही-एसीचं दुकान आहे. “आवो, पंधरा ऑगस्टला जाहीर केलं आन् लागू बावीस सप्टेंबरला. सव्वा महिना दुकानात कुत्रं फिरकलं न्हाई. कमी करायचा तर गुपचूप करायचा की!”

“सरकारनं धंद्यात लुडबुड करूच नये,” हे शेठांचं ब्रीद. ह्याला ते किर्लोस्करवाडीचा दाखला देतात. १९१० साली नुसत्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना उभा केला, कुठलं सरकार होतं मदतीला? तो माळ औंधच्या संस्थानिकांनी दिला होता, एवढीच बारीकशी गोष्ट मी सांगितली. “ते राजानं दिलं,” शेठ म्हणाले. राजाने दिलं तर आश्रय, सरकारने कारखान्याला दिलं तर प्रोत्साहन, आणि बाईला दिलं तर रेवडी. कवठेमहांकाळकडे शेठांची चार एकर द्राक्षबाग आहे. कृष्णेचं पाणी म्हैसाळहून टप्प्याटप्प्याने उपसत तिथवर चढवलं जातं. अण्णांनीच त्या कामावर सहा वर्षं काढली. पाणी चढवण्याच्या विजेचे ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकरी. ही लुडबुड शेठांना चालते. त्यांची तक्रार १९ टक्क्यांची आहे.

रात्र वाढली तशी शेठांनी खरी जखम उघडली. राष्ट्रीय हळद मंडळ. जानेवारी २०२५ मध्ये ते निजामाबादला थाटलं. “हळद म्हटली की सांगली. हरिपुरात जमिनीखाली पेवं होती हळदीची, २००५ च्या महापुरानं घालवली. जीआय मानांकन सांगलीला. आन् बोर्ड तेलंगणात? सरकार झोपा काढतंय का?”

“पण शेठ, सरकारने लुडबुड करू नये ना?”

“मधल्या साडूंना बँकेत बसून बसून असलंच सुचतंय,” ते अण्णांना म्हणाले. अण्णांनी मान डोलावली. मग अमेरिकेतल्या धाकट्याचा फोन आला. डॉलर नव्वदीच्या घरात गेल्याबद्दल शेठांनी देश म्हणून तीव्र दुःख व्यक्त केलं आणि ह्या महिन्याचे जरा लवकर पाठव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही पुन्हा दीड माणूस झालो. कंडक्टर तरुण होता. “आजोबा, आधार दावा की.” अण्णांनी कार्ड दिलं. जन्मतारीख १ जून १९४९. कंडक्टर हसला, कारण ह्या भागातले निम्मे म्हातारे एक जूनलाच जन्मले आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलं ते लिहिलं.

गाडी आष्ट्याच्या पुढे आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, “माझा खरा जन्म सत्तेचाळीसचा. गुरुजींनी दोन वर्षं कमी लावली.”

“बरंच झालं की अण्णा. नोकरी दोन वर्षं जास्त झाली.”

“ते ठीक आहे. पण ही योजना आली २०२२ च्या ऑगस्टात. त्या सालीच माझी पंचाहत्तरी. कागदावर मात्र जून २०२४ ला भरली. एकवीस महिने मी अर्धं तिकीट काढलं.” त्यांनी डायरी काढली. त्या एकवीस महिन्यांची तिकिटं तारखेवार चिकटवलेली होती. बेरीज खाली लाल शाईत. एक हजार एकशे चाळीस रुपये. “ही भरपाई कोणाकडे मागायची?”

अर्जाचा मसुदा परवा माझ्याकडे आला. मी तो टाइप करून दिला. काल पोवई नाक्यावर आम्ही त्याच्या तीन प्रती काढल्या. तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात ज्येष्ठ नागरिकांना पानामागे पन्नास पैसे कमी घेतात.